कोट आणि तळी : रिठदहून निघणारी एक सायकलवाट



आपल्या शाळेची सहल म्हटली की अजिंठा-वेरूळ, देवगिरी, फार तर रायगड. इतिहासाच्या पुस्तकातही गड-किल्ले म्हटले की सह्याद्री, आणि लढाया म्हटल्या की पानिपत, हळदीघाट. त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात एक समज पक्का बसला आहे : इतिहास दुसरीकडे घडला, आपल्याकडे फक्त वावरं, सोयाबीन, तूर आणि एसटीची वाट पाहणं. आता पंचवीस-तीस वर्षांनी आपण स्नेहमेळाव्याला एकत्र येतो आहोत, तर हा समज थोडा हलवावा असं वाटलं, म्हणून हा लेख.

रिठदहून सायकल काढावी. रिसोडवरून लोणारला जावं. लोणारहून पश्चिमेला सिंदखेड राजा. तिथून ईशान्येला वळून साखरखेर्डा. पुढे मेहकर, आणि मेहकरहून रिसोडमार्गे परत रिठद. दोनशे किलोमीटरहून थोडं अधिक असं हे वर्तुळ आहे. तीन दिवसांत आरामात होतं. वाटेत जगातलं एक दुर्मिळ सरोवर लागतं, चारशे वर्षांपूर्वीचे तलाव आणि बारवा लागतात, टेकड्यांवरची पळसाची झाडी लागते, दोन-तीन धरणं जवळ आहेत, आणि लढायांसाठी बांधलेले कोट, तट आणि गढ्याही लागतात. पण या वाटेचं खरं मोल वेगळं आहे. १७२४ ते १८०४ या ऐंशी वर्षांत वऱ्हाडावर राज्य कोणी करायचं याचे मोठे निकाल ज्या भूमीवर लागले, तिच्यातला बराच भाग या एका वर्तुळात किंवा त्याच्या काठावर येतो.

निघण्याआधी आपण कुठे उभे आहोत ते पाहू. आपलं जिल्ह्याचं ठिकाण वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. चौथ्या-पाचव्या शतकात वाकाटकांची एक शाखा इथून राज्य करत होती. याच शाखेतल्या हरिषेण राजाच्या काळात अजिंठ्याच्या अनेक उत्तम लेण्या खोदल्या गेल्या. पुढे बहामनी, इमादशाही, निजामशाही असे धनी बदलत १५९६ मध्ये अहमदनगरच्या चांदबिबीने वऱ्हाड मुघलांना देऊन टाकलं. मुघलांनी सुभ्याचे जे विभाग केले त्यांना ‘सरकार’ म्हणत. अकबराच्या काळच्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची जी सरकारं दिली आहेत त्यांत वाशीम आहे आणि मेहकरही आहे. म्हणजे आपली सायकलवाट जुन्या दोन सरकारांतून फिरते. त्या दोघांना बांधणारी नदीही एकच आहे. पैनगंगा बुलडाणा जिल्ह्यातल्या अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते, मेहकरजवळून वाहते आणि पुढे आपल्या रिसोड तालुक्यात येते.

लोणार : कोट नसलेलं सरोवर

रिसोड सोडलं की रस्ता हलके हलके चढ-उतार घेत जातो. गिअर नसलेल्या सायकलवर हे चढ पायांना चांगले कळतात. लोणार गावात शिरेपर्यंत पुढे काय आहे याची काही कल्पना येत नाही, आणि मग एकदम जमीन संपते. खाली जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचं गोल विवर, कडांपासून तळापर्यंत उतरत गेलेली झाडी आणि मध्ये हिरवट पाणी. दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्या पाषाणावर अवकाशातून आलेला दगड आदळून हे विवर झालं. ते कधी झालं याबद्दल शास्त्रज्ञांत एकमत नाही. एका पद्धतीने वय सुमारे ५०,००० वर्षं येतं, तर नंतरच्या एका पद्धतीने साडेपाच लाख वर्षांहून अधिक. पाणी खारं आणि अतिशय क्षारयुक्त. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांत लोणार झळकलं. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळीचा दर्जाही मिळाला.

इतिहासाच्या दृष्टीने लोणारची गंमत अशी की इथे राज्यकर्त्यांना रस होता तो क्षारात. आईन-ए-अकबरीत या सरोवराची नोंद आहे ती काच आणि साबण तयार करायला लागणाऱ्या पदार्थांसाठी. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठावर क्षाराचे थर बसत. ते काढून, वाळवून विकले जात. बांगड्या करणारे, साबण करणारे, कापड धुणारे-रंगवणारे या मालाचे गिऱ्हाईक. दैत्यसूदनाचं मंदिर, विवराच्या कडेची गोमुखाची धार, आत काठावर विखुरलेली जुनी देवळं, हे सगळं पाहता हे ठिकाण शेकडो वर्षं गजबजलेलं होतं हे कळतं.

सायकली वर ठेवून खाली पायी उतरावं. हे अभयारण्य आहे. मोर, माकडं, पाखरं भरपूर दिसतात. झाडी मेळघाटासारखी दाट नाही, पण आपल्याकडच्या उघड्या माळानंतर या सावलीचं अप्रूप वाटतं. अंघोळीचा मोह टाळावा, आणि वनखात्याच्या माणसांना विचारूनच पुढे जावं.

सिंदखेड राजा : दोन तलाव आणि एक काळा कोट

लोणारहून बीबी, दुसरबीड, किनगाव राजा असा रस्ता सिंदखेड राजाला नेतो. मधे खडकपूर्णा नदी ओलांडावी लागते. ही नदी वर देऊळगाव मही इथे अडवली आहे, आणि त्या धरणाच्या जलाशयाला संत चोखासागर असं नाव आहे, कारण चोखोबांचं जन्मगाव म्हणून मानलं जाणारं मेहुणा राजा याच भागात. वेळ असेल तर तिकडे वळायला हरकत नाही. समृद्धी महामार्गही याच पट्ट्यातून जातो, पण त्यावर सायकलला बंदी आहे. आपल्याला जुना रस्ताच बरा.

सिंदखेड राजा म्हटलं की जिजाऊ. १२ जानेवारीला तिथे लोटणारी गर्दी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. पण गर्दी नसताना जाऊन लखुजीराव जाधवांनी आणि त्यांच्या घराण्याने बांधलेलं गाव निवांत पाहण्यासारखं आहे. मोती तलावाची दगडी भिंत पाहा. ती नुसता बांध नाही. भिंतीत कमानी आहेत, आत जाण्याच्या वाटा आहेत, पाणी सोडण्याची सोय आहे, आणि समोरून पाहिलं तर एखाद्या वाड्याचा दर्शनी भाग वाटावा असं तिचं रूप आहे. चांदणी तलावाच्या मधोमध तीन मजली वास्तू आहे. पुतळा बारवेच्या भिंतींवर मूर्ती कोरलेल्या आहेत. नीळकंठेश्वर मंदिर, रंगमहाल आणि लखुजीरावांची भव्य समाधीही आहे.

आणि आहे काळाकोट. काळ्या दगडाच्या जाड आणि उंच भिंतींची ही गढी-किल्ल्यासारखी इमारत. तोफांच्या काळातल्या माणसाने भिंतींचा विचार कसा केला ते इथे दिसतं.

या दोन गोष्टी शेजारी-शेजारी पाहिल्या की एक प्रश्न पडतो. या घराण्याला वाचवायला यातलं काय उपयोगी पडलं? २५ जुलै १६२९ रोजी लखुजीराव मुलं आणि नातवासह देवगिरीच्या किल्ल्यात, निजामशहाच्या दरबारात मारले गेले. स्वतःच्या गावी कितीही जाड भिंती बांधल्या तरी दगा दुसऱ्याच्या किल्ल्यात झाला. त्याच्या पुढच्या वर्षी शिवराय जन्मले. जिजाऊंच्या मनावर या घटनेचा काय परिणाम झाला असेल याचा विचार समाधीपाशी आपोआप येतो.

काळाकोटाभोवतीची दुसरी मोठी लढाई आपल्याला शाळेत जवळजवळ शिकवलीच गेली नाही. डिसेंबर १७५७. निजामाच्या चाकरीतले रामचंद्र जाधव सिंदखेडला होते. नानासाहेब पेशव्यांच्या फौजेने त्यांना इथे कोंडलं. फौजेसोबत पेशव्यांचा थोरला मुलगा विश्वासराव होता, वय पंधरा. दत्ताजी शिंदेही होते. रामचंद्र जाधवांना सोडवायला निजामअली फौज घेऊन आला आणि सिंदखेडच्या आसपास काही दिवस लढाई झाली. शेवटी निजामाने हार मानली. २९ डिसेंबर १७५७ रोजी साखरखेर्ड्याला तह झाला. पंचवीस लाखांचा मुलूख आणि नळदुर्ग किल्ला मराठ्यांना मिळाला.

यातली उलटापालट लक्षात घ्या. ज्या गावात जिजाऊ जन्मल्या, त्या गावाला वेढा घालणारे मराठे, आतून लढणारा जाधव आणि त्याला सोडवायला आलेला निजाम. आपण इतिहास दोन रंगांत रंगवतो. सिंदखेडला तो तसा रंगवता येत नाही. दत्ताजी दोनच वर्षांनी १० जानेवारी १७६० ला बुराडी घाटावर पडले, आणि विश्वासराव १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर. सिंदखेडला जिंकलेले हे दोघे पुढे फार वर्षं जगले नाहीत. विश्वासरावांना तीन वर्षं आणि थोडे दिवस मिळाले.

साखरखेर्डा : एका राज्याचा जन्म

सिंदखेडहून साखरखेर्ड्याकडे जाताना वाट अधिक निवांत होते. पळस, सालई, तेंदूची झाडं असलेल्या टेकड्या, मधे वावरं, एखादी पांदण. साखरखेर्डा आज आपल्या रिठदसारखंच एक मोठं गाव आहे. पण हैदराबाद संस्थानाची गोष्ट ज्या दिवशी सुरू झाली, तो दिवस या गावच्या शिवारातला आहे.

१७२४ साल. औरंगजेबाला जाऊन सतरा वर्षं झालेली. दिल्लीचा वजीर निजाम-उल-मुल्क दरबाराच्या राजकारणाला कंटाळून दख्खनमध्ये परतला. बादशहा मुहम्मदशहाने हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान याला दख्खन ताब्यात घ्यायला सांगितलं. ऑक्टोबरमध्ये दोन्ही फौजा साखरखेर्ड्याजवळ भिडल्या. मुबारिजखान पडला, त्याची मुलंही लढाईत मारली गेली. निजामाला मराठ्यांचंही साह्य होतं. विजयाची खूण म्हणून निजामाने या गावाला फतहखेर्डा हे नाव दिलं. गावकऱ्यांनी मात्र साखर सोडली नाही. आजही नाव साखरखेर्डाच आहे.

पुढच्या वर्षी बादशहाला निजामाचं दख्खनवरचं स्थान मान्य करावं लागलं आणि त्याला आसफजाह ही पदवी मिळाली. नाव बादशहाचं, पण राज्य निजामाचं. ते राज्य चालत राहिलं १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, म्हणजे २२४ वर्षं. मराठवाड्यातले आपले नातेवाईक मुक्तिसंग्राम दिन पाळतात तो ज्या राजवटीच्या शेवटाचा, तिची सुरुवात आपल्या सायकलच्या टप्प्यात आहे.

या लढाईने आपल्या भागाला दिलं ते दोन मालकांचं ओझं. वऱ्हाडवर निजामाचा अंमल, पण चौथाई आणि सरदेशमुखीचा हक्क मराठ्यांचा, आणि ती वसूल करायचे नागपूरचे भोसले. एकाच गावात दोन कारकून. एक निजामाचा, एक भोसल्यांचा. याला दोअमली म्हणत. काही परगण्यांत भोसल्यांचा वाटा निजामाहूनही मोठा होता. शेतकऱ्याला कोणत्या कारकुनाला किती द्यायचं हे ठाऊक असलं तरी फौज आली की हिशेब मोडत असे. पाटील-देशमुखांनी गावोगाव बांधलेल्या मातीच्या गढ्या या काळाच्या साक्षीदार आहेत. शत्रू नेमका कोण हे ठरलेलं नसे. आज पेंढारी, उद्या अरब किंवा रोहिल्यांची टोळी, परवा आपल्याच धन्याची वसुलीची शिबंदी. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, चार कोपऱ्यांना बुरूज, आत विहीर आणि धान्याचे पेव. आपण लहानपणी ज्या उंचवट्यांवर पतंग उडवले, चिंचा पाडल्या, त्यातले कितीतरी उंचवटे म्हणजे पडलेल्या गढ्या आहेत.

मेहकर : विणकरांनी बांधलेला तट

साखरखेर्ड्याहून मेहकर. पैनगंगेच्या काठचं हे गाव आपल्याला शारंगधर बालाजीसाठी माहीत आहे. काळ्या पाषाणाची ती अतिशय सुंदर मूर्ती १८८८ मध्ये जमिनीखालून निघाली. गावाजवळ कंचनीचा महाल आहे. कंचनीने तो इतका उंच बांधायला घेतला की माथ्यावरून लोणारच्या देवीचा दिवा दिसावा, अशी दंतकथा लोक सांगतात. सायकलने लोणारहून इथपर्यंत आल्यावर ही कथा वेगळीच कळते, कारण मधलं अंतर पायांनी मोजलेलं असतं.

मेहकरची मला सर्वांत मोलाची वाटणारी नोंद मात्र विणकरांची आहे. इंग्रजी काळातल्या गॅझेटियरात लिहिलं आहे की मेहकरचे मोमीन विणकर एके काळी इतके सधन होते की गावाभोवती तट बांधण्याचं काम त्यांनी स्वतः अंगावर घेतलं. मोमीन दरवाजावर साल होतं १४८८. म्हणजे इमादशाहीच्या सुरुवातीचे दिवस. सुलतानाने नाही, सरदाराने नाही, कापड विणणाऱ्यांनी आपल्या कमाईतून आपल्या गावाला कोट घातला. वाशीम आणि बाळापूरचं कापडही त्या काळात नावाजलेलं होतं. आपला भाग कापूस पिकवून बाहेर पाठवणारा भाग नंतर झाला. आधी तो कापड विणणारा होता.

त्या तटाने विणकरांना किती दिवस सांभाळलं? १७६९ मध्ये माधवराव पेशवे नागपूरकर भोसल्यांना वठणीवर आणायला निघाले तेव्हा त्यांची फौज निजामाच्या फौजेसह मेहकरला उतरली होती. १८१७ मध्ये इंग्रजांचा जनरल डव्हटन अप्पासाहेब भोसल्यांवर चालून जाताना मेहकरलाच थांबला. मेहकर हे मोठ्या रस्त्यावरचं गाव. ज्याला नागपूरला जायचं तो इथून जाणार. तट लुटारूंच्या टोळीला अडवू शकतो. पण हजारो माणसं, घोडे, बैल, हत्ती घेऊन येणाऱ्या फौजेला वेस उघडून द्यावी लागते, आणि ती फौज मित्राची असली तरी चारा आणि धान्य शिवारातूनच जातं.

१८०३-०४ : फौजा गेल्या, भूक राहिली

आता या ऐंशी वर्षांच्या शेवटाकडे येऊ. १८०३ च्या पावसाळ्यात इंग्रजांचं शिंदे आणि भोसले यांच्याशी युद्ध सुरू झालं. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टनचा ड्यूक तोच. २३ सप्टेंबरला जालना जिल्ह्यातल्या असईला लढाई झाली. २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातल्या आडगावला. मग वेलस्लीने भोसल्यांच्या गाविलगडाकडे मोर्चा वळवला.

गाविलगड आपल्या वर्तुळाबाहेर, चिखलदऱ्याला आहे. पण त्याची हकिगत इथे सांगायलाच हवी, कारण आपल्या भागाचा निकाल तिथे लागला. बहामनी अहमदशहाने १४२५ मध्ये बांधलेला हा वऱ्हाडातला सर्वांत बळकट किल्ला. दक्षिणेकडून कडा, चढ अशक्यप्राय. उत्तरेकडे मात्र अरुंद धारेने तो पठाराला जोडलेला. कर्नल स्टीव्हन्सनच्या सैन्याने धामणगावकडून डोंगरातून वाट काढली आणि जड तोफा माणसांच्या हातांनी ओढत उत्तरेला नेल्या. या कामाला ७ ते १२ डिसेंबर असे दिवस लागले. १३ तारखेला तोफा सुरू झाल्या, १५ डिसेंबरला भगदाडातून इंग्रजी फौज आत शिरली. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. पावणेचारशेहून अधिक वर्षांचा दरारा, आणि तोफा डागल्यापासून तिसऱ्या दिवशी किल्ला गेला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाडातला आपला हक्क सोडला. इंग्रजांनी तो आपल्या दोस्ताला, निजामाला दिला. गाविलगड आणि नरनाळा तेवढे भोसल्यांकडे परत गेले. दोअमली संपली, मालक एक राहिला.

शाळेच्या पुस्तकात हे युद्ध इथे संपतं. आपल्या वर्तुळातला त्याचा शेवट पुढच्या महिन्यातला आहे. जानेवारी १८०४ मध्ये वेलस्ली सिंदखेड भागात होता. तिथून त्याने लिहिलं की सिंदखेड म्हणजे चोरांचं आगर झालं आहे, लोक शेकड्यांनी उपाशी मरत आहेत आणि त्यांना थोडाही आधार देणारं सरकार इथे नाही. पावसाने दगा दिला होता हे खरं. पण होळकर, शिंदे, भोसले, निजाम आणि इंग्रज अशा सगळ्यांच्या फौजा दोन वर्षं दख्खनभर फिरत होत्या. फौजांचं धान्य वाहायचे बंजारे. हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या घालून त्यांचे तांडे छावण्यांमागे चालत. आपल्या जिल्ह्यात जे तांडे वसलेले आहेत, पोहरादेवीला जे लाखो लोक येतात, त्यांच्या पूर्वजांचा हा व्यवसाय. धान्य होतं, ते वाहणारे होते, पण ते छावणीकडे चाललं होतं. ज्या शिवारात पिकलं तिथे राहिलं नाही.

विजयी सेनापतीनेच ही नोंद करावी, यात त्या काळाचं सगळं येतं. त्याच्यासमोर काळाकोट उभा होता, भिंती शाबूत होत्या. त्या भिंतींच्या सावलीत माणसं भुकेने मरत होती.

त्यानंतर वऱ्हाडाचे मालक कागदावर बदलत गेले, आणि त्यासाठी लढाई लागली नाही. १८५३ मध्ये निजामाने कर्जापोटी आणि फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिलं. १९०२ मध्ये वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर ते कायमच्या पट्ट्याने गेलं. १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलं. तेव्हाचा वाशीम जिल्हा १९०५ मध्ये मोडून बराचसा अकोल्यात टाकला, आणि तो परत मिळायला १ जुलै १९९८ उजाडला. आपल्यातल्या अनेकांच्या दाखल्यांवर जिल्हा अकोला असं लिहिलेलं आहे. त्या एका शब्दामागे ही इतकी उलाढाल आहे.

काय टिकलं

ही फेरी पूर्ण करून परत येताना एक हिशेब मनात तयार होतो. काळाकोटाने जाधवांना वाचवलं नाही. विणकरांच्या तटाने विणकर वाचले नाहीत. गाविलगड तिसऱ्या दिवशी पडला. गढ्यांची माती लोकांनी घरं लिंपायला आणि वावरात टाकायला नेली. उलट मोती तलावात आजही पावसाळ्यात पाणी साठतं. बारवांत पाणी आहे. लोणारची धार वाहते आहे. ज्यांनी कोट बांधले त्याच माणसांनी तळीही बांधली. कोट ज्या शत्रूसाठी बांधले तो कधी दुसऱ्याच दाराने आला, पण तहान दरवर्षी त्याच दाराने येते. दुष्काळाचा अनुभव असलेल्या आपल्या भागाला हे वेगळं सांगायला नको.

याचा अर्थ कोट पाहू नयेत असा नाही. उलट, ते पाहिल्याशिवाय तळ्यांचं मोल कळत नाही. म्हणून या मेळाव्याच्या निमित्ताने एक सूचना मांडतो. आपल्या बॅचने दरवर्षी दिवाळीनंतर, थंडीत, शाळेतल्या नववीच्या मुला-मुलींपैकी ज्यांना जमेल त्यांना घेऊन ही फेरी करावी. सगळी एकदम झेपत नसेल तर पहिल्या वर्षी रिठद-लोणार, दुसऱ्या वर्षी पुढची. सोबत एक गाडी, पंक्चरचं सामान, प्यायचं पाणी आणि प्रत्येक मुलाकडे एक वही. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोहोचायचं, मोठ्या रस्त्यावर एकामागे एक चालवायचं.

आणि वहीत काय लिहायचं? वाटेत लागणाऱ्या प्रत्येक गावात म्हाताऱ्या माणसांना दोनच प्रश्न विचारायचे : गावात गढी होती का, आणि जुनी बारव कुठे आहे? मेहकरला गेलं की जुन्या मोहल्ल्यात मोमीन दरवाजाची आठवण कोणाला आहे का तेही विचारायचं. गढीचा नकाशा, बारवेच्या पायऱ्यांची संख्या, पाणी आहे की कचरा, एवढं लिहिलं तरी पुरे. सरकारी यादीत ज्यांची नावं नाहीत अशा किती तरी बारवा आणि गढ्या आपल्याच तालुक्यात निघतील. आज ज्यांना त्या आठवतात ती माणसं ऐंशीच्या पुढची आहेत. आपली मुलं पुण्यात, नागपुरात आहेत. पुढच्या पंचवीस वर्षांनी विचारायला गेलो तर सांगणारं कोणी नसेल.

पहिली वही आपल्या गावापासूनच सुरू करू. सायकली कोणाकडे आहेत, कोणाला घ्यायच्या आहेत, हे मेळाव्याच्या दिवशी जेवणानंतर ठरवू.